थोरल्या मालकांचं खोकं

अंदाजपंचे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कारखान्यात सगळे त्यांना पाठीमागे अंदाजपंचेच म्हणत, आणि हळूहळू ते नाव इतकं अंगवळणी पडलं की कोणी चुकून खऱ्या नावानं हाक मारली तर ते मागे वळून बघत, आणखी कोणी उभं आहे का म्हणून.

कारखाना बायकांच्या चपलांचा. पुढच्या महिन्यात किती चपला बनवायच्या हे ठरवणं हे अंदाजपंच्यांचं काम. ठरवायचं म्हणजे काय, तर मागच्या महिन्यात किती खोकी गेली ते बघायचं, डोळे मिटायचे, डावी भुवई खाजवायची आणि एक आकडा बोलायचा. तो आकडा फळ्यावर चढला की पट्टे कापणारे, सोल चिकटवणारे, शिवणाऱ्या बायका, सगळे त्याच्यामागे धावत. भुवई जास्त वेळ खाजवली तर या महिन्यात जादा काम आहे असं लोक आधीच ओळखून घेत.

घरी त्यांचे अंदाज सपशेल आपटत. दोन पाहुणे येतील म्हणून त्यांनी दोघांचा चहा टाकायला सांगावा आणि सहा जणांनी बेल वाजवावी, हे ठरलेलं. बायकोनं तर त्यांना विचारणंच सोडून दिलं होतं. कारखान्यात मात्र त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता आणि त्याचा त्यांना मनातून अभिमान होता. बायकोला ते म्हणत, "घरची माणसं लहरी असतात. बाजार तसा नसतो."

खरी गोम वेगळीच होती. कारखान्याचा सगळा माल एकच घाऊक व्यापारी उचलत असे. भावावरून कटकट करायचा, चहा पिऊन पुन्हा कटकट करायचा, पण शेवटी जेवढा माल बनेल तेवढा उचलायचा. बनेल तेवढं जात असेल तर कोणताही आकडा बरोबरच ठरतो. अंदाजपंच्यांना हे कळत नव्हतं असं नाही, पण त्यावर विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

माल जायचा तो खोक्यांनी. एका खोक्यात बारा जोड. सगळ्यांत लहान माप चार नंबरचं, त्याचा एक जोड. पाचचे दोन, सहाचे दोन, सातचे तीन आणि सगळ्यांत मोठं माप आठ, त्याचे चार. कारखाना काढला तेव्हा थोरल्या मालकांनी हे गणित घालून दिलं होतं आणि माल भरायच्या खोलीत भिंतीवर तेलरंगानं लिहून ठेवलं होतं. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोलीला नवा रंग देताना रंगारी तेवढा चौकोन सोडून देत. हेच प्रमाण का, असं कोणी विचारलं नाही. त्या खोक्यावर बोट ठेवणं म्हणजे थोरल्या मालकांच्या फोटोवर बोट ठेवण्यासारखं होतं.

मग तो घाऊक व्यापारी म्हातारा झाला आणि दुकान आवरून मुलाकडे राहायला गेला. आता आपण थेट दुकानांनाच माल देऊ, असं धाकट्या मालकांनी ठरवलं. सुरुवातीला सगळ्यांचे धाबे दणाणले होते, पण झालं उलटंच. दुकानदार एक खोकं घेत आणि लगेच दुसरं मागवत. दुसरं पोचलं की तिसरं. अंदाजपंच्यांची भुवई खाजवून खाजवून लाल झाली. धाकटे मालक खूश होऊन म्हणाले, "दुसरी लाइन टाकू या." दुसरी लाइन पडली, नवी माणसं भरली गेली, आणि त्यांत अंदाजपंच्यांचा मेहुणाही लागला.

हा मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. कामाला वाईट नव्हता, पण जिथे चिकटेल तिथलं दुकान बंद पडायचं. एकदा गॅरेज विकलं गेलं, एकदा छापखाना. बरेच दिवस तो बहिणीच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपत होता. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण अशी घडी घालून ठेवायचा की जणू रात्री तिथे कोणी नव्हतंच. त्याचं ते घडी घालणं बहिणीला बघवत नसे. दुसऱ्या लाइनवर सोल चिकटवायचं काम मिळाल्यावर त्यानं जवळच एक खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्या पगारात बहिणीला भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते घड्याळ थोडं पुढे धावायचं. पण घरात कोणी ते मागे करत नसे.

आणि एके दिवशी मागणी थांबली. कमी झाली असती तर गोष्ट वेगळी, पण ती थांबलीच. एका दुकानानं नको म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. आकडा मात्र फळ्यावर होता, त्यामुळे माल बनत राहिला आणि गोदाम छताला टेकलं. चिंचोळ्या वाटेवरून चालताना दोन्ही खांदे खोक्यांना घासायचे.

धाकट्या मालकांनी अंदाजपंच्यांना केबिनमध्ये बोलावलं. "लोकांना आपली चप्पल नकोशी झाली," ते म्हणाले. "महिनाअखेर दुसरी लाइन बंद. तुमचा मेहुणाही त्याच लाइनवर आहे ना?"

"हो, साहेब."

"मग सगळ्यांना तुम्हीच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. आकडा तुम्हीच दिला होता."

ते रागानं म्हणाले नव्हते, म्हणून जास्त लागलं. अंदाजपंचे बाहेर आले तेव्हा दुसऱ्या लाइनवर मेहुणा सोलला गोंद लावत होता. त्यानं मान वर करून विचारलं, "भाऊजी, रविवारी येऊ का जेवायला?" अंदाजपंचे म्हणाले, "ये की. विचारायचं काय त्यात?" आणि लगबगीनं पुढे गेले. घरी त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. सांगायचं तर कसं सांगायचं, हेच सुचत नव्हतं.

पण मेहुण्याला रविवारी दुपारी एका मित्राकडे जावं लागलं, आणि नवरा-बायको दोघंच बाजारात गेले. भर रस्त्यात बायकोच्या चपलेचा पट्टा तुटला. चप्पल आपल्याच कारखान्याची, बरीच जुनी. ती पाय फरफटत चालू लागली आणि म्हणाली, "समोर दुकान आहे. आपलीच घेऊ, दुसरी नको." नवऱ्याच्या कारखान्याची चप्पल घालते हे ती शेजारणींना न चुकता सांगत असे.

दुकानाच्या एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत आपल्याच कारखान्याचे डबे बघून अंदाजपंच्यांना आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं.

"पाच नंबर दाखवा," बायको म्हणाली.

"पाच नाही, ताई."

"नाही कसा?" अंदाजपंच्यांनी भिंतीकडे हात केला. "एवढे डबे आहेत."

"ते सगळे आठ, साहेब. वरचे थोडे सात." दुकानदारानं डबे उघडून दाखवायचेही कष्ट घेतले नाहीत. "सहाही नाही, आधीच सांगतो."

"मग मागवत का नाही?"

हा प्रश्न दुकानदाराच्या दुखऱ्या जागेवर बसला असावा. त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मागवायचं तर ते अख्खं खोकं देतात. सुटं देत नाहीत. खोकं उघडलं की पाच आणि सहा हातोहात जातात. बायका मैत्रिणीला घेऊन परत येतात, इतकी चांगली चप्पल आहे. पण त्या दोन मापांसाठी परत खोकं घ्यायचं आणि परत आठ नंबरचे चार जोड उरावर. एवढ्या मोठ्या पायाच्या बायका मी आणू कुठून? शेवटी म्हटलं, नको तुमची चप्पल आणि नको तुमचं खोकं. त्यांच्या विक्रीच्या माणसाला दहादा सांगितलं. तो म्हणतो, 'खोकं फोडा' हे शब्द तोंडातून काढले तर माझी नोकरी जाईल."

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन आत आली आणि त्याच चपलेकडे बोट दाखवून म्हणाली, "सहा आला का हो?" दुकानदारानं अंदाजपंच्यांकडे असं बघितलं की बघा, मी खोटं बोलत नव्हतो.

अंदाजपंचे बायकोला घेऊन पुढच्या दुकानात गेले. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या दुकानात तर आठ नंबरचे डबे एकावर एक रचून त्यावर पंखा ठेवला होता. बायको एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी त्यांच्यामागून चालत होती. शेवटी ती रस्त्यातच थांबली. "अहो, तुमच्या कारखान्यात पाच नंबरच्या पायाची बाई कधी कोणी पाहिलीच नाही का?"

अंदाजपंचे हसू लागले. आधी हळू, मग चांगले खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लोकांना चप्पल नकोशी झालेली नव्हती. लोक ती मागत होते, दारात येऊन मागत होते आणि हात हलवत परत जात होते. इतके दिवस ते खोकी मोजत आले होते आणि त्याला मागणी म्हणत आले होते. पाय कोणी मोजलेच नव्हते.

"वेड लागलं का तुम्हाला?" बायको म्हणाली.

तेव्हा मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या लाइनचं आणि तिच्या भावाचंही. ती घरापर्यंत एका पायानं अनवाणी चालली, रिक्षा करू म्हटलं तर नको म्हणाली. घरी आल्यावर तिनं माळ्यावरून भावाचं अंथरूण खाली काढायला लावलं, उशीला धुतलेला अभ्रा घातला आणि सगळं दिवाणाच्या कडेला ठेवून दिलं. "पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत तर तुम्हीच झोपा त्यावर," ती म्हणाली.

सोमवारी अंदाजपंचे केबिनमध्ये गेले. त्यांनी दुकानांची हकीकत सांगितली आणि म्हणाले, "साहेब, खोकं फोडायला हवं. ज्याला जो नंबर हवा तो सुटा द्यायला हवा."

धाकट्या मालकांचा चेहरा पडला. मागे भिंतीवर वडिलांचा फोटो होता, तिकडे न बघता ते म्हणाले, "बाबांनी अभ्यास करून ठरवलेलं खोकं आहे ते. एवढी वर्षं त्यावर कारखाना चालला."

"व्यापारी होता म्हणून चालला. तो फोडत असेल खोकं आणि आठ नंबर कुठेतरी पडेल भावात टाकत असेल. आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच."

"तीन दुकानं बघून तुम्ही बाबांना चूक ठरवताय?"

आता गप्प बसणं शहाणपणाचं होतं आणि अंदाजपंच्यांची सगळी नोकरी तसल्या शहाणपणावर झाली होती. पण डोळ्यांसमोर ते दिवाणावरचं अंथरूण होतं. ते म्हणाले, "चूक ठरवत नाही, साहेब. त्यांनी अभ्यास केला कसा, तेवढं विचारतोय. तसाच आपण परत करू."

धाकट्या मालकांना ते माहीत नव्हतं. ते माहीत नाही हेही त्यांच्या बहुधा त्याच क्षणी लक्षात आलं. "आत्याला माहीत असेल," ते पुटपुटले.

मालकांचं घर कारखान्याच्या आवारातच होतं. आत्याबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पाय समोरच्या स्टुलावर. पाय असे लांबरुंद की स्टूल त्यांना पुरत नव्हतं. पायांत अर्थातच कारखान्याची चप्पल. अंदाजपंचे त्या पायांकडे बघत राहिले आणि मग घाईनं त्यांनी नजर वळवली.

"बाबांनी खोक्याचं प्रमाण कसं ठरवलं होतं, आत्या?" धाकट्या मालकांनी विचारलं. "काय अभ्यास केला होता?"

"अभ्यास?" आत्याबाई हसल्या. "तुझ्या बापानं आम्हाला एका दुपारी इथे ओळीनं उभं केलं, पायाखाली वर्तमानपत्र घातलं आणि पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली. हाच अभ्यास."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

"आम्ही तिघी बहिणी आणि आमची आई. चौघींना आठ. घराण्याचे पायच तसे. दोघी मावश्या आणि काकू, त्यांना सात. मग चार शेजारणी होत्या, त्यांना पाच-सहा. झाल्या अकरा." त्यांनी चपलेतला अंगठा हलवला. "अरे, दुकानात आमच्या मापाचं काही मिळायचंच नाही. आम्ही तिघी वडिलांच्या जुन्या चपला घालून शाळेत जायचो. पोरं मागून फटक फटक आवाज काढायची. धाकटी एकदा रडत घरी आली आणि म्हणाली, मी नाही जाणार शाळेत. तेव्हा तुझा बाप म्हणाला, मी बनवतो तुमच्या चपला. त्यातून हा कारखाना झाला."

धाकट्या मालकांनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांनी विचारलं, "आणि चार नंबर? तो एकच जोड आहे."

"तो तुझ्या आईचा," आत्याबाई म्हणाल्या. "तेव्हा ती समोरच्या घरात राहायची. तिचा पाय मोजायचं काही कारण नव्हतं खरं तर. पण मोजला त्यानं."

धाकट्या मालकांनी चष्मा काढून पुसला. एवढी वर्षं अंदाजपंचे ज्याला बाजाराचं गणित समजत होते, ती एका व्हरांड्यात उभी असलेली बारा माणसं होती.

"काय झालं काय पण?" आत्याबाईंनी विचारलं. अंदाजपंच्यांनी सांगितलं, गोदामाचं, दुकानांचं, दुसऱ्या लाइनचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि भाच्याकडे वळल्या. "त्या बारांतली मी एकटी उरले आता. एवढे आठ नंबर कोणासाठी करताय रे? मला वर्षाला एक जोड पुरतो."

परत येताना आवारात धाकटे मालक थांबले. "फोडा," ते म्हणाले.

"आणि भिंतीवरचं?"

"ते राहू द्या. फक्त त्यावरून माल बनवू नका."

त्या आठवड्यात गोदामातली खोकी फुटली आणि आतले डबे नंबराप्रमाणे वेगळे लागले. विक्रीचा माणूस दुकानादुकानांत जाऊन आला; त्याला एवढं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. अंदाजपंच्यांनी स्वतः फोन धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुकानदारांना विचारलं, की गिऱ्हाईक आलं आणि रिकाम्या हातानं गेलं, असं कोणत्या नंबरला झालं? पलीकडून लोक भरभरून सांगत. पाच आणि सहा गोदामातून बघता बघता संपले आणि मागणी उरलीच. तेव्हा दुसऱ्या लाइनवर फक्त पाच आणि सहा चढवले. बंद करायची म्हटलेली लाइन जादा वेळ चालू लागली.

आठ नंबरचं काय करायचं, ते आत्याबाईंनी सांगितलं. "आमच्यासारख्या बायका आहेत रे जगात. पण एकेका दुकानात चार-चार जोड ठेवून त्यांना कसं कळणार? सगळे एका जागी ठेवा आणि मोठी पाटी लावा." फाटकाजवळच्या खोलीत पाटी लागली, मोठ्या मापाच्या चपला इथे मिळतील. पहिले दोन-चार दिवस कोणी फिरकलं नाही. मग एक उंच बाई पुरुषी बूट घालून आली, आत्याबाईंच्या शेजारी बसून तिनं चप्पल पायात घातली, आणि उठून खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीचच चालत राहिली. दुसऱ्या दिवशी ती बहिणीला घेऊन आली. नंतर तर लांबलांबून बायका येऊ लागल्या. आत्याबाई रोज सकाळी तिथे जाऊन बसत आणि सगळ्यांच्या पायांची मनापासून तारीफ करत.

महिनाअखेर मेहुणा रविवारी जेवायला आला. जेवून झाल्यावर दिवाणावर बसायला गेला तर कडेला स्वतःचं अंथरूण. त्यानं बहिणीकडे बघितलं. मग त्यानं ते नुसतं जरा बाजूला सरकवलं आणि बसला. तो गेल्यावर बायको अंदाजपंच्यांसमोर येऊन उभी राहिली. तिच्या पायांत पाच नंबरची नवी चप्पल होती, घरातच घालून बघत होती.

"लाइन राहणार ना नक्की?"

"राहणार."

"अंदाजानं सांगताय की विचारून?"

"विचारून," अंदाजपंचे म्हणाले. "सगळ्या दुकानांना विचारून."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं अंथरुणाची वळकटी उचलून त्यांच्या हातात दिली. "मग टाका माळ्यावर."

अंदाजपंच्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि ती वळकटी माळ्याच्या पार आतल्या कोपऱ्यात, हात पोचणार नाही इतकी मागे ढकलून दिली.